कॉलेजातल्या मुलामुलींमध्ये आहारविकाराचा धोका कसा ओळखावा: पहिल्यांदाच चाळणी घेणाऱ्यांसाठी

आमच्या कॉलेजात आहारविकारांची चाळणी (स्क्रीनिंग) पहिल्यांदा घेतली, तेव्हा प्रश्नावली दोन दिवसांत छापून झाली. एका शनिवारी तीन वर्गांनी ती भरली. सोमवारी माझ्या टेबलावर एकोणीस जणांचे कागद वेगळे काढून ठेवले होते, आणि या मुलांना पाठवायचं कुठे हे आमच्यापैकी कुणालाच सांगता येईना. गावात मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून एकदाच यायचे. नंबर लागायला तीन आठवडे गेले. मधल्या काळात एका मुलीने मला जिन्यात गाठलं. "मॅडम, मी सगळं खरं लिहिलं होतं. पुढे काय झालं त्याचं?"

त्या दिवशी तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहिते आहे. तुम्ही मानसशास्त्राचे शिक्षक असाल, समुपदेशक असाल, होस्टेलचे रेक्टर किंवा एनएसएसचे कार्यक्रम अधिकारी असाल, तर खालच्या क्रमाने जा. क्रम बदलू नका, कारण आमची चूक क्रमाचीच होती.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. चाळणी म्हणजे निदान नाही. अ‍ॅनोरेक्सिया नर्वोसा (जाड होण्याच्या भीतीने स्वतःला उपाशी ठेवणं), बुलिमिया नर्वोसा (भरमसाट खाणं आणि मग ते उलटीने किंवा इतर मार्गाने बाहेर काढणं), बिंज ईटिंग (ताबा सुटल्यासारखं खाणं, नंतर प्रचंड अपराधीपणा) हे आजार आहेत आणि त्यांचं निदान डॉक्टरच करतात. आपलं काम एवढंच, की ज्याच्याशी बोलायला हवं तो गर्दीत हरवू नये. अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सने (कोणती चाळणी घ्यावी याबद्दल शिफारशी करणारा तज्ज्ञांचा गट) २०२२ मध्ये असं म्हटलं, की काहीही लक्षण नसलेल्यांची सरसकट चाळणी घ्यावी की नाही, हे ठरवायला पुरेसा पुरावा नाही. म्हणून माझं मत असं: पुढची सोय असेल तरच चाळणी घ्या. नसेल तर तेवढ्या वेळात रेक्टर, पीटी शिक्षक आणि मेसच्या काकूंना लक्षणं ओळखायला शिकवा. त्याचा उपयोग जास्त होईल.

१. मुलांना पाठवायचं कुठे, हे आधी ठरवा

प्रश्नावलीला हात लावण्याआधी एक कागद घ्या आणि त्यावर चार नावं लिहा: एक मानसोपचारतज्ज्ञ, एक फिजिशियन, एक आहारतज्ज्ञ आणि कॉलेजातली एक व्यक्ती, जी रोज ठरलेल्या वेळी बसेल. चौघांशी प्रत्यक्ष बोला. "आमच्याकडून महिन्याभरात आठ-दहा मुलं येतील, चालेल का? फी किती? पहिली भेट किती दिवसांत मिळेल?" एवढं विचारा.

जवळपास खासगी तज्ज्ञ नसेल किंवा परवडत नसेल, तर जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम असते. तिथे जाऊन भेटा, फोनवर काम होत नाही. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. नावाला घाबरून पालक तिथे जायला तयार होत नाहीत, पण त्यांचा बाह्यरुग्ण विभाग इतर कुठल्याही ओपीडीसारखाच चालतो, हे त्यांना समजावून सांगावं लागतं. गोव्यात बांबोळीला अशी संस्था आहे. आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, तिथे मराठीत बोलता येतं. तो प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात पडला पाहिजे, चाळणीत काहीही निघो.

मग हिशोब करा. समजा ५०० मुलांनी प्रश्नावली भरली आणि त्यातल्या १५ जणांना खरोखर विकार आहे. प्रश्नावली चांगली असेल तर त्यातले १२ सापडतील. पण उरलेल्या ४८५ पैकी शेकडा १२ जणांवर तिने चुकून बोट ठेवलं, तरी ५८ जण त्यात येतात. म्हणजे यादी ७० जणांची, आणि आजारी १२. हे आकडे हिशोबासाठी धरलेले आहेत, पण प्रमाण साधारण असंच निघतं. सत्तर जणांशी बोलायला तुमच्याकडे माणसं आणि तास आहेत का? नसतील तर ५०० ऐवजी १०० मुलं घ्या. होस्टेलपासून सुरुवात करा, किंवा ज्यांचं वजन सतत कुणीतरी बघत असतं अशा मुलांपासून: कुस्ती, ज्युदो, अ‍ॅथलेटिक्स, नृत्य.

२. परवानग्या आणि कागदपत्रं

हे जमवून ठेवा:

- प्राचार्यांचं लेखी पत्र. माहिती कोण बघणार आणि कोण नाही, हे त्यात लिहून घ्या.
- विद्यार्थ्याचं संमतीपत्र, साध्या मराठीत, एका पानाचं. "नाही म्हटलं तरी गुणांवर परिणाम होणार नाही" हे वाक्य ठळक हवं.
- अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार.
- कोड नंबर आणि नावं यांची एकच यादी, कुलूपबंद कपाटात.
- वरच्या चार जणांचे पत्ते आणि वेळा असलेला कागद, सगळ्यांना वाटण्याइतक्या प्रती.
- डॉक्टरांना द्यायच्या चिठ्ठीचा नमुना.
- यातून पेपर छापायचा विचार असेल तर संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी, आधीच. काम झाल्यावर मागितलेली मंजुरी चालत नाही.

अठरा वर्षांचा मुद्दा आपल्याकडे नेमका अडतो, कारण एकाच आवारात ज्युनिअर कॉलेजही असतं. अकरावी-बारावीची मुलं हॉलमध्ये बसलेली असतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही. प्रथम वर्षातही काही जणांचं वय सतरा असतं. जन्मतारीख बघून वर्गवारी करा, वर्ग बघून नको.

सज्ञान मुलाच्या घरी त्याला न विचारता फोन करू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. जिवाला धोका असेल तर अपवाद आहे. हा अपवाद संमतीपत्रातच सांगून टाका, म्हणजे पुढे फसवल्यासारखं वाटत नाही.

३. प्रश्नावली कोणती?

नवख्यांसाठी स्कॉफ बरी. लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमधल्या मॉर्गन, रीड आणि लेसी यांनी ती १९९९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडली. पाचच प्रश्न, हो किंवा नाही. दोन किंवा जास्त 'हो' आले तर पुढे बोलायचं. तिचा आशय असा:

पोट नको इतकं भरलंय म्हणून तुम्ही मुद्दाम उलटी काढता का? किती खातो यावरचा आपला ताबा सुटलाय, अशी चिंता वाटते का? गेल्या तीन महिन्यांत सहा किलोंहून जास्त वजन उतरलंय का? लोक बारीक म्हणत असताना तुम्हाला स्वतःला मात्र जाड वाटतं का? जेवणखाणाच्या विचारांनी तुमचं आयुष्य व्यापलंय असं म्हणाल का?

दुसरी ईट-२६. गार्नर आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये चाळीस प्रश्नांची जुनी चाचणी छोटी करून ती बनवली. २० किंवा जास्त गुण आले की पुढे बोलायचं. ती जास्त माहिती देते, वेळही जास्त खाते. तिसरी ईडीई-क्यू, फेअरबर्न आणि बेग्लिन यांची, गेल्या २८ दिवसांबद्दल विचारणारी. ती पहिल्या वर्षी नको. मूळ प्रश्नावल्या कुणाच्या तरी आहेत, वापरण्याआधी त्यांच्या परवानगीच्या अटी वाचा.

स्कॉफची मर्यादाही माहीत असू द्या. ती मुख्यतः अ‍ॅनोरेक्सिया आणि बुलिमिया असलेल्या तरुणींवर तपासली गेली. बिंज ईटिंग आणि मुलगे तिच्यातून निसटू शकतात. 'मी जाड आहे' असं जिममध्ये जाणारा मुलगा म्हणत नाही. तो म्हणतो, "अजून बॉडी बनत नाही." पाव्हण्यांकडे जेवायला जात नाही, डबा वेगळा, अंड्यातलं पिवळं फेकतो, एक दिवस व्यायाम चुकला तर रात्रभर झोपत नाही. आम्ही मुलग्यांसाठी आमचा एक प्रश्न वेगळ्या कागदावर जोडला: "व्यायाम किंवा डाएट चुकू नये म्हणून मित्रांचे, घरचे कार्यक्रम टाळता का?" त्याला गुण नाहीत, फक्त बोलायला धागा मिळतो.

४. मराठी करताना

इथे घाई केली तर पुढचं सगळं चुकतं. आमच्या पहिल्या मराठी प्रतीत स्कॉफच्या पहिल्या प्रश्नाचं भाषांतर 'तुम्ही स्वतःला आजारी पाडता का' असं झालं होतं. मूळ इंग्रजी शब्दाचा तिथला अर्थ उलटी काढणं असा आहे. अर्ध्या वर्गाने हो लिहिलं, कारण बाहेरचं खाऊन आजारी पडणं कुणाला चुकलंय?

ईट-२६ मध्ये जेवणाचे बारीक तुकडे करण्याबद्दल प्रश्न आहे. काट्या-सुरीने जेवणाऱ्यांकडे ते लक्षण ठरू शकतं. आपल्याकडे भाकरी तोडूनच खातात. तिथे अर्थ असा पोचवावा लागतो, की घास मुद्दाम नखाएवढे करून जेवण लांबवत नेणं. पोट साफ होण्याच्या औषधांबद्दल विचारताना मुलं फक्त गोळ्यांचा विचार करतात. चूर्ण, एरंडेल, काढा यांची नावं घेतली नाहीत तर उत्तर 'नाही' येतं. आणि योगवर्गात जाणारा एखादा मुलगा वमनधौती (पाणी पिऊन ते उलटून टाकण्याची योगक्रिया) करतो म्हणून पहिल्या प्रश्नाला हो म्हणेल. तो का करतो, कधीपासून, जेवणानंतर की सकाळी उपाशीपोटी, हे बोलूनच कळतं.

पद्धत अशी ठेवा: एकाने मराठी करायचं, मूळ प्रत न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचं, दोन्ही इंग्रजी प्रती शेजारी ठेवायच्या. मग आठ-दहा मुलांना एकेक प्रश्न वाचून विचारायचं, "तुला यातून काय समजलं?" हे शेवटचं पाऊल गाळू नका. आमच्या बाकीच्या चुका तिथेच सापडल्या.

५. दिवस आणि जागा

कॅलेंडर बघा. नवरात्र, श्रावण, रमजान, पर्युषण यांच्या आसपास उपासाचे प्रश्न विचारले तर श्रद्धा आणि विकार एकमेकांत मिसळतात. परीक्षेचे आठवडे टाळा. गॅदरिंगच्या आधीचे दिवसही टाळा, तेव्हा निम्मा वर्ग डाएटवर असतो.

वजनकाटा हॉलमध्ये आणू नका. एका आरोग्य शिबिरात मी पाहिलं आहे: रांगेत वजन करत होते आणि एक स्वयंसेवक आकडे मोठ्याने ओरडून लिहून घेत होता. एक मुलगी रांगेतून मागच्या मागे निघून गेली. वजन घ्यायचंच असेल तर डॉक्टरांच्या खोलीत, एकेकटं, आणि विद्यार्थ्याला आकडा पाहायचा नसेल तर काट्याकडे पाठ करून.

आधी व्याख्यान ठेवलंत तर हाडकुळ्या मुलींचे फोटो, किलोचे आकडे, 'त्या काय युक्त्या करतात' याच्या गोष्टी नकोत. ऐकणाऱ्यांत ज्याला धोका आहे, तो त्या शिकून जातो.

ऑनलाइन फॉर्म घेणार असाल तर दोन सेटिंग तपासा: ईमेल आपोआप जमा होतोय का, आणि इतरांच्या उत्तरांचा गोषवारा भरणाऱ्याला दिसतोय का. फॉर्मचं खातं विभागाचं असेल तर पासवर्ड कुणाकुणाकडे आहे? रोल नंबर म्हणजे नावच, त्याला कोड समजू नका. पूर्ण निनावी फॉर्मचाही मोह होतो. पण मग ते सर्वेक्षण झालं, चाळणी नव्हे. धोका आहे हे कळेल आणि कुणाला आहे हे कळणार नाही.

६. गुण मोजताना

त्याच दिवशी मोजा. ईट-२६ मध्ये एका प्रश्नाचे गुण उलटे असतात, नवे चमचमीत पदार्थ खाऊन बघायला आवडतात का हा तो प्रश्न, आणि वेगवेगळ्या प्रतींत त्याचा क्रमांक वेगळा असतो. एक्सेलमध्ये सूत्र टाकताना तो हमखास सुटतो. शेवटच्या वागणुकीच्या प्रश्नांकडे गुणांवेगळं बघा. ज्याचे एकूण ८ गुण आहेत पण मुद्दाम उलटी काढण्याला 'हो' आहे, त्यालाही बोलवायचं.

७. समोरासमोर बोलणं

खरी चाळणी ही आहे. कागदाने फक्त खोलीपर्यंत आणलं.

बोलवण्याची पद्धत आधी. नोटीस बोर्डावर नावं लावू नका, वर्गातून शिपाई पाठवून बोलावू नका. आम्ही आता सगळ्यांना एकसारखं बंद पाकीट देतो. आत मदतीचे क्रमांक आणि एक चिठ्ठी असते. काहींच्या चिठ्ठीवर भेटीची वेळ असते, काहींच्या नाही. बाहेरून कुणाला काही कळत नाही. हे आठवड्याच्या आत झालं पाहिजे.

पहिलं वाक्य ठरवून जा. मी म्हणते, "तू लिहिलेलं मी वाचलं. खरं लिहिलंस, बरं झालं. मला त्याबद्दल थोडं विचारायचं आहे, नको वाटलं तर तसं सांग." वजनाबद्दल, दिसण्याबद्दल एक शब्दही नाही. 'किती वाळलीस' हे तिला शाबासकीसारखं ऐकू येतं, आणि 'आता छान दिसतेस' हे जाड झाल्यासारखं. काळजीने बोललेली ही दोन वाक्यं किती खोल जातात, हे मला मुलींनीच सांगितलं.

मग साधं विचारा. काल सकाळपासून काय काय पोटात गेलं? एकटं जेवायला आवडतं की सगळ्यांबरोबर? जेवून झाल्यावर मनात काय चालतं? एखादं जेवण चुकलं तर हायसं वाटतं का? पाळी नियमित आहे का? चक्कर येते? शेवटी, शांतपणे आणि थेट: "जगू नये असं कधी वाटतं का?" हा प्रश्न विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, पण न विचारल्याने जे सुटतं ते परत मिळत नाही.

आता माझ्या मते सगळ्यात मोठा सापळा. स्कॉफचा पाचवा प्रश्न, जेवणाच्या विचारांनी आयुष्य व्यापलंय का. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीने सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला. महायुद्धानंतर उपासमार झालेल्यांना कसं वर आणायचं, हे शिकण्यासाठी. ते तरुण दिवसरात्र जेवणाबद्दल बोलू लागले, पाककृतींची पुस्तकं वाचू लागले, ताट तासभर पुरवू लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. त्यांना बारीक व्हायचं नव्हतं. भूकच मनाला तसं करते.

आमच्या यादीतला एक मुलगा असाच होता. दोन प्रश्नांना हो: वजन उतरलंय आणि डोक्यात सतत जेवण. मी विकाराच्या अंगाने विचारत राहिले आणि तो गप्प. शेवटी मेसच्या वहीतले खाडे विचारले तेव्हा कळलं, की महिन्यातले पंधरा दिवस त्याचा खाडा असे. गावाकडे पीक गेलं होतं, तो एक वेळच्या जेवणाचे पैसे वाचवत होता. त्याला मानसोपचारतज्ज्ञ नको होते, जेवण हवं होतं. तेव्हापासून दुसऱ्या क्रमांकाला माझा हाच प्रश्न असतो: "जेवायला पैसे पुरतात का?" विद्यार्थी साहाय्य निधी, कमवा आणि शिका योजना, मेसची सवलत यांची माहिती त्याच टेबलावर ठेवा.

उपासांचंही असंच खणून विचारावं लागतं. एकादशीला साबुदाण्याची खिचडी आनंदाने खाणारी मुलगी आणि सोमवार, गुरुवार, चतुर्थी, शनिवार असे वार वाढवत नेणारी मुलगी यांत फरक आहे. उपास सोडताना काय होतं ते विचारा. पारणं फेडताना पोटभर जेवते, की तेव्हाही काहीतरी कारण निघतं? घरच्यांना व्रतवैकल्यं करणाऱ्या मुलीचं कौतुक असतं, म्हणून तिथे आजार बराच काळ लपून राहू शकतो.

आणि वजन योग्य दिसतंय म्हणून कुणालाही सोडून देऊ नका. बुलिमियात वजन बहुतेकदा चारचौघांसारखंच असतं.

८. डॉक्टरांकडे पाठवताना

काही गोष्टी दिसल्या तर त्याच दिवशी रुग्णालय: बेशुद्ध पडणं, छातीत धडधड, उलटीत रक्त, पाणीही पोटात न टिकणं, आत्महत्येचे विचार, मधुमेह असून वजनासाठी इन्सुलिन टाळणं. इथे तज्ज्ञांच्या नंबराची वाट बघायची नाही आणि मुलाला एकटं पाठवायचं नाही.

इतरांना चिठ्ठी द्या. तीत गुण, काय सांगितलं, कधीपासून, एवढंच लिहा, निदान लिहू नका. सोबत फिजिशियनची तपासणी सुचवा: झोपून आणि उभं राहून नाडी व रक्तदाब, रक्तातलं पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम, साखर, थायरॉइड, ईसीजी. वजन उतरण्यामागे क्षयरोग किंवा मधुमेहही असतो, तो आधी बघून घ्यायला हवा. रिपोर्ट चांगले आले की पालक म्हणतात, "काही नाही हो तिला." त्यांना आधीच सांगून ठेवा, की या आजारात रिपोर्ट बराच काळ चांगले येऊ शकतात.

पालकांना आणखी एक सांगावं लागतं. फार दिवस उपाशी राहिलेल्या मुलीला घरी नेऊन तूप-लाडूंचा मारा करू नका. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर अन्न गेलं तर रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने उतरतं आणि हृदयाला धोका होतो. खाणं कसं वाढवायचं, ते डॉक्टरच ठरवतील. आईला हे पटायला जड जातं. तिला दोष देऊ नका, ताट वाढणं हीच तिची माया असते.

९. नंतरचे महिने

चिठ्ठी दिली म्हणजे मूल पोचलं असं नाही. दोन आठवड्यांनी विचारा, "गेलीस का? काय झालं?" पहिल्या वेळी न गेलेली मुलगी तिसऱ्या वेळी जाते, असं मी अनेकदा पाहिलं आहे, फक्त विचारणारं कुणीतरी हवं. दिवाळीच्या सुट्टीनंतर परत एकदा भेटा. नातेवाईक जमले की दिसण्यावर शेरे पडतात आणि सावरलेलं खाणं पुन्हा घसरतं.

प्राचार्यांना जाणाऱ्या अहवालात फक्त आकडे द्या: किती जणांनी भरली, किती जणांशी बोललो, किती जण तज्ज्ञांपर्यंत पोचले. कुणी नावं मागितली तर संमतीपत्र दाखवा. कोडची यादी कधी नष्ट करायची, ती तारीख पहिल्याच दिवशी तिच्या पाठीमागे लिहून ठेवा. आमची ३० एप्रिल असते. त्या दिवशी दोघी मिळून ती फाडतो आणि रजिस्टरमध्ये दोघींच्या सह्या करतो.